पुसलेला आवाज

"ताई, बघा, परत थांबला!" श्रीपाद कुजबुजला. आमचा व्हिडिओ गेम तपासायला आलेला खेळाडू श्रीपादनं रचलेल्या थडग्याच्या दालनात नुसता उभा होता, टपटपणारं पाणी ऐकत. माझ्या दालनात एवढे सापळे, एवढं सोनं. तरी तिथं न थांबता सगळे पळत पुढं जायचे.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या पाण्याचा आवाज पुसून टाकला.

दुपारी नवी मुलगी खेळायला बसली. श्रीपादच्या दालनात शिरताच तिनं श्वास रोखला. "बाई गं! केवढी शांतता. इथं कुणीतरी आहे."

पाण्याचा आवाज कुठं गेला ते बघायला श्रीपादनं फाइल उघडली. बदल करणाऱ्याचं नाव तिथं आपोआप उमटतं, हे जळताना मी विसरलेच होते.

"ताईंनी केलंय!" तो सगळ्यांना सांगत फिरला. "मला सुचलंच नसतं हो!"

टाळ्या पडल्या. त्याचं कौतुक झालं की नुसता चटका बसायचा. माझ्या कौतुकानं मी पुरती होरपळले.