कानशीची सुरी

ताईनं फडकं उलगडलं आणि सुरी ऐरणीवर ठेवली. दादानं, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं, हात पुसले नाहीत. तसाच काळ्या हातानं उचलली.

"कशाची?"

"जुन्या कानशीची."

"माझ्या?"

"नाही. भंगारवाल्याकडून आणली."

घणवाला हसला. वीस वर्षं दादाकडे घण मारतोय, दादा हसला की आपण हसायचं हे त्याला पक्कं ठाऊक. या वेळी जरा आधीच हसला. दादा हसत नाही बघून त्यानं तोंड मिटलं.

दादानं एक डोळा बारीक करून पातं आडवं धरलं. सरळ होतं. मूठ मोडक्या खुर्चीच्या पायाची, पण बोटं बरोबर बसत होती. धार त्यानं अंगठ्याच्या नखावर टेकवली. घसरली नाही, रुतली. त्यानं नख पटकन मागे घेतलं.

"कुठं केलीस?"

"गच्चीवर. शेगडीत कोळसे घातले, आणि भाता नाही म्हणून केस वाळवायचं मशीन लावलं."

"केस वाळवायचं मशीन!" दादा घणवाल्याकडे वळला. "ऐकलंस? उद्यापासून घण विकून टाक. आपण ब्यूटी पार्लर काढू."

आता हसायला हरकत नव्हती. घणवाला मांडीवर थापा मारत हसला.

ताई हसली नाही. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर सुईवर डोळा ठेवणारी बाई ती. असले टोमणे तिला मशीनच्या आवाजासारखे, चालूच असतात.

"लाल झाली की तेलात बुडवून पाणी दिलं," ती म्हणाली. "मग ठिसूळ राहू नये म्हणून, बेकरीवाल्याचे पाव निघाले की त्याच्या भट्टीत दोन तास ठेवली. दोनदा. तू म्हणालास, स्वतः केलेली चांगली सुरी आण, मग रविवारी कोपऱ्यातली ऐरण तुझी. आणली."

"म्हणालो की. पण आत काय आहे कुणी बघितलंय?" दादानं सुरी व्हाइसच्या जबड्यात घातली, मुठीपासून दोन बोटं सोडून, आणि आवळली. "पहिली सुरी मोडून बघायची असते. आमच्या धंद्यात असंच आहे. आत साखरेसारखे दाणे चमकले की पोलाद जळलं, सगळं फुकट. दाणे नसले तर जमली."

"मोडायची?"

"मग काय फ्रेम करून लावायची?"

या सुरीत ताईचे अकरा रविवार गेले होते. डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून पट्टी होती. कोपऱ्यातल्या ऐरणीवर दादाचा जेवणाचा डबा ठेवलेला होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

"बरं. मोड."

"मी का? जिनं केली तिनं मोडायची." त्यानं हातोडा तिच्या हातात दिला.

तिनं मारला. पातं वाकलं आणि सटकन परत सरळ झालं.

"आयला!" घणवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "उस्ताद, बास की. कसली मस्त परत आली. काय मोडायची आता?"

"तुला विचारलं?" दादानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हाण गं. शिवणकाम नाही हे."

दुसऱ्या घावालाही पातं परत आलं. तिसरा तिनं दोन्ही हातांनी घातला. टण्ण झालं. पातं उडून पत्र्याच्या दारावर आपटलं आणि खाली पडलं.

ताई गुडघ्यांवर बसून ते उचलून घेऊन आली. उजेडात धरलं. मोडलेली कड राखाडी होती, एकसारखी, पिठासारखी बारीक. एकही दाणा चमकत नव्हता. तिच्या तोंडावर असलं हसू आलं की बघवेना.

"साखर नाहीये! दादा, बघ ना. आहे का कुठं?"

दादानं तुकडा घेतला, फिरवला. बराच वेळ लावला.

"नाही. जमली होती."

"मग या रविवारपासून येऊ?"

"कशाला?"

"म्हणजे? तूच म्हणालास ना..."

"सुरी आण म्हणालो होतो." दादानं तिच्या दोन्ही हातांकडे बघितलं. "कुठाय सुरी?"

घणवाला कोळशांकडे बघायला लागला.

"नवीन कर," दादा म्हणाला. "तीही बघू मोडून."

तिनं व्हाइस सैल केला. मूठ काढली, फडक्यात गुंडाळली. मग पात्यासाठी हात पुढे केला. दादानं ते ऐरणीवर ठेवलं.

"राहू दे ते. पोरंबाळं असतात घरात, कापेल कुणाला तरी."

ती दाराशी जाऊन चपला घालायला लागली. तेवढ्यात शेजारचा पुस्तकं बांधणारा बाइंडर आत आला, धार लावायला टाकलेल्या त्याच्या कागद कापायच्या पट्ट्या न्यायला. पट्ट्या राहिल्या बाजूला, त्यानं ऐरणीवरचं मोडकं पातं उचललं. खिशातली पावती काढून त्याच्यावरून फिरवली. पावतीचे दोन तुकडे झाले, आवाजसुद्धा आला नाही.

"अरे, हे काय भन्नाट आहे! याला मूठ बसवून दे मला."

"संध्याकाळी ने."

"पण केलंय कुणी? तुझी धार अशी नसते, राग मानू नकोस."

घणवाल्यानं मान खाली घातली आणि कारण नसताना भाता ओढायला सुरुवात केली. ताई दारातच होती. एक चप्पल पायात होती, दुसरी हातात.

"मीच केलंय," दादा म्हणाला. "इथं दुसरं आहे कोण?"