समोरच्यांची बॅटिंग

"बाबा, वेट! आता आपली बॅटिंग आहे," विक्रम ओरडला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरून त्याचा चेहरा बाजूला झाला.

नंदकुमार थांबले. कॅनडात, कनाटातल्या घरी सकाळचे सात वाजत होते. पडद्यावर, ओसाकाच्या बेसबॉल स्टेडियममध्ये रात्रीचे दिवे लागले होते. हजारो माणसं उभी राहून एका सुरात गात होती, पिवळ्या प्लास्टिकच्या छोट्या बॅटी एकमेकींवर आपटत होती. घरी आरतीला ओठ न हलवणारा त्यांचा मुलगा जपानीत गात होता.

आवाज ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कितीवर आलं?"

"नऊ-शून्य. हरतोय आपण."

"मग एवढं गाता कशाला?"

"आपला माणूस बॅटिंगला उभा होता ना! हं, बोला आता. समोरच्यांची बॅटिंग आहे. त्यांनी गायचं, आपण गप्प बसायचं. इथे असंच असतं."

सगळे खाली बसले होते. शेजारच्या बाईनं विक्रमच्या हातात एक लांबलचक फुगा दिला, आपली बॅटिंग आली की सोडायला. तो फुगवून, तोंड चिमटीत धरून तो ऐकू लागला.

नंदकुमारांनी रात्रभर वाक्य जुळवलं होतं. ते आठवेना. "नर्सिंग होममध्ये आईसाठी जागा झालीय," ते म्हणाले. "आज बारापर्यंत कळवायचंय."

विक्रम पडद्याजवळ आला. "झेपत नाहीये का तुम्हाला?"

"काल वॉशरूममध्ये दोघंही पडलो. लकव्यानं गेलेली तिची बाजू अजून हलतच नाही. मला उचलता येईना. मग तसेच बसून राहिलो, फरशीवर." आणि घाईनं, "लागलं नाही हं फारसं."

"आई काय म्हणते?"

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणते." त्यांची बायको जयंती वरच्या खोलीत झोपली होती. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मला एकट्याला नाही रे ठरवता येत. मी काहीही ठरवलं तरी चुकल्यासारखंच वाटणार. तू सांग. पाठवू का तिला?"

विक्रमनं बोलायला तोंड उघडलं, आणि सगळं स्टेडियम उठलं. हजारो फुगे एकदम सुटले, किंचाळत वर गेले. पाठोपाठ ढोल, तुताऱ्या आणि गाणं. आपली बॅटिंग आली होती.

विक्रम या वेळी गात नव्हता. त्या कल्लोळात तो बसूनच होता, आणि त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ बोलला तो. मध्येच एकदा त्यानं डोळे पुसले.

"ऐकू येत नाही," नंदकुमार म्हणाले. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

बोलणं संपवून विक्रमनं भुवया उंचावल्या. ठीक आहे ना, असं विचारत असावा.

नंदकुमारांनी सगळं ऐकू आल्यासारखी मान हलवली.