घोरण्यावर औषध

वृद्धाश्रमातल्या खंगलेल्या आजोबांना शेवटच्या दिवसांत काय हवं-नको ते विचारायला सिस्टर त्यांच्या खाटेशी बसली.

"दुखणं सोसेन मी," ते म्हणाले, "पण शेजारचा हा म्हातारा रात्रभर घोरतो. तेवढं थांबवा, म्हणजे सुखाने डोळे मिटेन."

एवढंच ना, असं म्हणत सिस्टर शेजारच्या खाटेकडे वळली. "आजोबा, घोरण्यावर औषध देऊ?"

ते तिच्या कानाशी कुजबुजले, "मी कुठला घोरतोय? पण आवाज थांबला, की मी आहे का गेलो ते बघायला हा मला गदागदा हलवतो. म्हणून जागा राहून घोरतो."

"मग झोपता कधी?"

"दुपारी. तेव्हा हा घोरत असतो, त्यामुळे माझ्या जिवाला घोर नसतो."