अर्धी मात्रा

विश्वनाथरावांनी समोरच्या दोन स्टिक्सकडे असं पाहिलं, जसं माणूस आमटीत तरंगणाऱ्या झुरळाकडे पाहतो. ड्रमच्या नव्या कोऱ्या स्टिक्स, रेशमी फडक्यात गुंडाळून आणलेल्या. आणणारे ओगावा-सान सोफा सोडून खाली गुडघ्यांवर बसले होते. फडकं दोन्ही हातांवर धरून ते वाकले ते वाकलेच.

"मेधा, त्यांना सांग, हे आधी उचला," विश्वनाथराव सुनेला म्हणाले. "शिसारी येते मला."

"बाबा, ते पार सेंदाईहून टोकियोला आलेत. खास तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी नाही. मी करून ठेवलेल्या घाणीसाठी."

ती घाण अशी. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या चार पोरांनी 'रस्टी अँकर' नावाचा बँड काढला आणि 'मंडे टायगर' नावाचं तीन मिनिटांचं इंग्रजी गाणं दादरच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केलं. वेळ एकाच टेकपुरता होता, कारण अकरा वाजता केसांच्या तेलाच्या जाहिरातीची मंडळी यायची होती. दुसरं ध्रुवपद संपलं आणि ताल अडखळला. अर्धीच मात्रा, पण अडखळला. तिघांनी एकदम वळून ड्रमवाल्याकडे पाहिलं.

"विश्या, मात्रा खाल्लीस," गाणारा जयप्रकाश म्हणाला.

रेकॉर्ड तशीच निघाली. ती दुकानात पोचेपर्यंत बँडमध्ये नवा ड्रमवाला आला होता. विश्या विम्याच्या कचेरीत चिकटला आणि पुढे त्याने टेबलावर बोटसुद्धा वाजवलं नाही. गणपतीच्या आरतीत कुणी हातात टाळ दिले, तर तो ते शेजाऱ्याकडे सरकवायचा.

आणि मग ते गाणं पेटलं. कशामुळे, तर त्या अडखळण्यामुळे. लंडनची पोरं म्हणे शिकवणी लावून तसंच अडखळायला शिकली. ब्राझीलमध्ये एकाने ते अडखळणं दंडावर गोंदवून घेतलं. अडखळणं गोंदतात कसं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. जपानात त्या अर्ध्या मात्रेवर बत्तीस पानी पुस्तिका निघाली, आणि वर्षभरात तिला पुरवणी. जयप्रकाश तीन वर्षांपूर्वी गेला, पण मरेपर्यंत प्रत्येक मुलाखतीत सांगत राहिला, "विश्वनाथने ते मुद्दाम केलं. जीनियस माणूस." ज्या तोंडाने हाकललं, त्याच तोंडाने.

विश्वनाथराव मुलाकडे टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात आले, तेव्हा वाटलं, इथे तरी सुटका होईल. दुसऱ्याच आठवड्यात शंभर येनच्या दुकानात ते चहाची गाळणी निवडत होते आणि वर छतातून 'मंडे टायगर' ठिबकायला लागलं. खेळण्यातल्या पियानोवर, अडखळण्यासकट. त्यांनी गाळणी टाकली आणि बाहेर आले. थुंकावंसं वाटत होतं, पण रस्ता इतका स्वच्छ की ते सगळं तोंडात धरून सातव्या मजल्यापर्यंत आणावं लागलं.

आता तर भक्त घरातच आला होता. ओगावा-सान निवृत्त साउंड इंजिनियर. गाण्याची नवी आवृत्ती निघणार होती आणि मूळ टेप साफ करायला त्यांच्याकडे आली होती. ते एकदाचे ताठ झाले, चष्मा पुसला आणि हळू आवाजात काही बोलले.

"ते विचारताहेत," मेधा म्हणाली, "त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?"

इतकी वर्षं कुणी विचारलं, की विश्वनाथराव 'आठवत नाही' म्हणून सुटायचे. आज तेही तोंडातून निघेना.

"सांग, काही नव्हतं. मी चुकलो. मुद्दाम नाही आणि जीनियसही नाही. चोवीस वर्षांचा गाढव होतो, मात्रा खाल्ली, चांगलं गाणं नासवलं. आणि तुम्ही लोक पन्नास वर्षं त्या ओकारीला अत्तर लावून हुंगताय. मला किळस येते तुमची, म्हणावं."

"किळस कसं सांगू, बाबा?"

"का, जपानीत शब्द नाही?"

"आहे. तुमची नात साई रोज भेंडीच्या भाजीला वापरते."

"तोच सांग. आणि धुऊन पुसून सांगू नकोस."

मेधाने सांगितलं. थोडं धुतलंच असावं. ओगावा-सान खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी बॅगेतून एक छोटं यंत्र आणि हेडफोन काढला.

"म्हणताहेत, मूळ टेपवर चौघांचे आवाज चार वेगळ्या ट्रॅकवर आहेत. यात फक्त तुमचा ट्रॅक आहे. एकदा ऐका."

विश्वनाथरावांनी तोंड वाकडं करून हेडफोन चढवला. जयप्रकाशचा गळा नाही, गिटार नाही. नुसता एक पोरगा, आणि त्याचे हात. डॉक्टर सुई आणतो तेव्हा माणूस डोळे मिटतो, तसे त्यांनी मिटले आणि चुकीची वाट पाहत बसले. पहिलं ध्रुवपद गेलं. दुसरं संपलं. ठोका आला. त्यामागून दुसरा आला, बरोबर तेवढ्याच अंतरावर. मग तिसरा. गाणं संपलं.

"कापलंत ना तेवढं?" ते म्हणाले.

"नाही म्हणतात. काहीसुद्धा कापलेलं नाही."

त्यांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ते बोटांवर मात्रा मोजत होते. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मग ते अडखळणं गेलं कुठे?"

ओगावा-सान बराच वेळ बोलले, थांबत थांबत, आणि बोलून झाल्यावर पुन्हा वाकले. मेधा उठून सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, ड्रम कुठेच अडखळत नाही, म्हणतात. ते तिघे एकदम चुकले. म्हणून चूक तुमची ठरली."