पांढरी रेघ

हॉलमधल्या आरामखुर्चीत नंदूच्या घोरण्याला लय आली, तशी योगिनी हळूच पोर्चमध्ये आली. अर्धा इंची पाना पायरीवरच पडला होता. तिनं बॉनेट उचललं, कार्बोरेटरचा डावीकडचा नट थोडा सैल केला, हात फडक्याला पुसले आणि स्वयंपाकघरात परतली.

एवढं केलं की संध्याकाळी इंजिन खोकायचं, बंद पडायचं आणि नंदू पुन्हा कामाला लागायचा. रोज नाही, पण दोन-चार दिवसांआड ती काहीतरी सैल करून यायची. ब्रेकला मात्र तिनं कधी हात लावला नाही. तेवढी अक्कल तिला होती.

गाडी म्हणजे जुनी मॉरिस मायनर. सिंगापूरच्या क्रांजी भागातल्या एका शेतावर धूळ खात होती आणि आत कोंबड्यांनी संसार थाटला होता. मालकानं ती जवळजवळ फुकटच दिली, कोंबड्या तेवढ्या ठेवून घेतल्या. सेम्बावांगला नंदूच्या घरी ती टोइंगच्या ट्रकवरून उतरली तेव्हा शेजारणीनं नाकाला रुमाल लावला होता. त्या वर्षी इंडोनेशियातल्या आगींचा धूर सिंगापूरभर पसरला होता, तरी कोंबड्यांचा वास त्याच्यावर मात करून उरला.

नंदू जहाजांवर चीफ इंजिनियर होता. निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक तन्मय डेंग्यूनं गेला. वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये नोकरी लागून त्याला वर्षही झालं नव्हतं.

घरातलं बोलणंच संपलं. योगिनी वरच्या खोलीत पडून असायची. नंदू दोन ताटं वर आणायचा आणि दोन्ही तशीच खाली न्यायचा. तो खंगत चालला होता, ते तिला दिसत होतं. एक गेला, आता हाही जाणार, या भीतीनं तिचा डोळा लागत नसे.

मग गाडी आली. खालून ठोकाठोकीचा आवाज येऊ लागला, आणि एक दिवस नंदूचं गुणगुणणंही. योगिनीच्या जिवात जीव आला. तिचे थोरले दीर मनोहर निवृत्तीनंतर बाग लावत बसले होते. बाग झाली, कुंपण रंगवून झालं, आणि पंधरवड्यात ते गेले. हात रिकामे झाले की माणूस जातो, असं तेव्हापासून तिचं पक्कं मत होतं.

म्हणून नंदू जेव्हा जिन्याखालून ओरडला, "योगिनी, ऐकलंस का? उद्या सुरू होईल बघ. मग मी मोकळा!" तेव्हा ती अंथरुणात उठून बसली.

त्या दुपारी तो डुलक्या घेत असताना ती खाली उतरली आणि बॉनेटखालचा हाताला येईल तो नट फिरवून आली.

दुसऱ्या दिवशी इंजिन नुसतंच गुरगुरलं. नंदू चिडला नाही. हातपाय धुऊन आला, देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर तिच्या हातावरही ठेवली.

"ही कशाची हो?"

"अगं, गुरगुरली तरी. एवढे दिवस मुकी होती."

तिला ते पटलं. पुढे तो तिला टॉर्च धरायला बोलावू लागला. कुठला नट कशाचा, हे तो बडबडत सांगायचा आणि ती मनात नोंद करायची. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर तो पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या लोखंडावर.

"ही रांगोळी कशाला?"

"जहाजावरची सवय."

भिंतीवरच्या फळीवर त्यानं प्रत्येक हत्याराची आकृती काढली होती. काम संपलं की जो तो पाना आपापल्या जागी जायचा. अर्धा इंची तेवढा पायरीवर राहायचा. विसरायला लागलाय आता, असं वाटून योगिनीला वाईट वाटायचं.

त्याच्यावर लक्ष राहावं म्हणून ती भाजी निवडायला पोर्चमध्ये बसू लागली. गाडी बंद पडली की त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून काहीतरी गरम करू लागली. तो खायचा, म्हणून तीही दोन घास खायची. नवऱ्याला आपण जगवतोय, एवढं एक समाधान तिला होतं. फसवणुकीचं पाप लागलं तर लागो.

रविवारी दिलीप आला. जहाजावर नंदूच्या हाताखाली तयार झालेला, आता इथल्याच बंदरात कामाला. हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन तो थेट बॉनेटखाली वाकला.

"वहिनी, दृष्ट लागली की काय हिला? चीफनी जहाजांची इंजिनं डोळे मिटून लावलीत."

योगिनीनं पोह्यांची बशी त्याच्यापुढे केली. "जुनी आहे हो. त्यात कोंबड्यांनी आत काय काय करून ठेवलंय, देव जाणे. खोबरं राहिलं, थांबा, आणते."

ती आत गेली. दिलीपनं टॉर्च फिरवला, बोट एका नटावर ठेवलं आणि आवाज उतरवला.

"चीफ, रेघ तुटलीय. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. हा नट कोणीतरी फिरवलाय."

"हो."

"ही पहिलीच नसणार."

"नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे? मग बोलत का नाही? गाडी कधीच रस्त्यावर आली असती!"

नंदूनं खिशातून काळी चिकटपट्टी काढली, अर्ध्या इंची पान्याच्या दांड्याला नीट गुंडाळली आणि पाना पुन्हा पायरीवर ठेवला. आतून नारळ खोवण्याचा आवाज येत होता.

"तन्मय गेल्यापासून ती जिना उतरली नव्हती," तो म्हणाला. "आणि या पान्यानं तिच्या बोटाला फोड आलाय."