कोरं पातं

नवऱ्याच्या कपाटात काचेआड घडीचे चाकू ओळीने मांडलेले असत. लाकडी मूठ त्याला चालत नसे. मूठ हवी शिंगाची, फार तर हाडाची, आणि पातं अगदी कोरं. एकदा जरी एखाद्या चाकूने काही कापलं, तरी नवऱ्याच्या लेखी तो चाकू मेला.

त्या दुपारी खिडकीच्या पडद्याची दोरी लेकीच्या गळ्याभोवती आवळली गेली. आईने तिला उचलून धरलं, पण गाठ काही सुटेना आणि पोरीचे ओठ काळेनिळे पडू लागले.

"अहो, चाकू द्या! लवकर!"

नवरा कपाटाला लागूनच उभा होता. त्याचा हात काचेपर्यंत गेला, तिथेच थबकला आणि मागे आला. मग तो स्वयंपाकघराकडे धावला.

पोर वाचली, थोडक्यात.

"वाचली ना शेवटी? मग तोंड फुगवून का बसलीस?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने रस्त्यावरच्या धारवाल्याला वर बोलावलं आणि अख्खं कपाट त्याच्यापुढे रिकामं केलं.

संध्याकाळी नवरा भिंग घेऊन एकेका पात्यावरचे ओरखडे बघत बसला. लेकीच्या गळ्यावरचा वळ त्याने इतका निरखून पाहिला नव्हता.

"सगळ्यांची वाट लावलीस! डोकं फिरलंय का तुझं?"

लेकीला कडेवर घेत ती म्हणाली, "आता एकही कोरा राहिला नाही. पुढच्या वेळी तुम्हाला स्वयंपाकघरापर्यंत धावायला नको."