उत्तरेकडचा एक शब्द

"बोरिआलिस," बाबा म्हणाले.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिलाच शब्द. उशी सारखी करणारी थोरली लेक जागच्या जागी थबकली. मग ओरडली, "आई! धाकट्या! बाबा बोलले!"

थोरली तारांगणात लोकांना आकाश समजावून सांगायची. हा शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उत्तरेकडचा. "कोरोना बोरिआलिस! उत्तर मुकुट! बाबांना तारे बघायचेत," म्हणत तिने मोबाइलवर चित्र शोधलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. बाबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"बोरिआलिस." या खेपेला जरा जोरात.

"तारे कसले घेऊन बसलीस, ताई? ती वेल म्हणतायत ते," धाकटा म्हणाला. त्याची रोपवाटिका घराला लागूनच होती. तो पळत गेला आणि कुंडी घेऊन आला. एकेका देठाला दोन-दोन गुलाबी घंटा लोंबत होत्या. "लिनिआ बोरिआलिस. बाबांनीच ओळखून दिली होती मला." त्याने कुंडी अलगद पलंगावर टेकवली. बाबांनी धड असलेल्या हाताने ती ढकलली. चादरभर माती झाली.

"बोरिआलिस!"

बाबांचा अख्खा जन्म संग्रहालयात प्राण्यांची हाडं जुळवण्यात गेला होता. घरात झुरळ निघालं, तरी ते आधी त्याचं लॅटिन नाव सांगायचे आणि मग चप्पल शोधायचे. थोरलीने त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"देवमासा असणार," पलीकडून ते म्हणाले. "त्याच्या नावातही बोरिआलिसच आहे. शेवटचा सांगाडा त्याचाच उभा केला ना त्यांनी!"

थोरलीने देवमाशाचं चित्र शोधून दाखवलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ, आठवलं त्यांना," ती धाकट्याला म्हणाली.

तेवढ्यात बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबांपुढे चमचा धरून विचारलं, "हे काय आहे?"

"बोरिआलिस."

"तुमचं नाव काय?"

"बोरिआलिस."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "सध्या एवढा एकच शब्द हाताला लागतोय त्यांच्या. काहीही म्हणायचं असलं, तरी तोंडातून तोच येणार. त्याचा अर्थ शोधत बसू नका."

थोरलीचा चेहरा पडला. "म्हणजे बाबा आपल्याशी काही बोललेच नाहीत?"

पलंगाच्या पायथ्याशी वाकून माती गोळा करणारी आई उठली. नवऱ्याच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणाली, "काय हो?"

"बोरिआलिस," दात आवळून बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बाहेर व्हा सगळे," आई म्हणाली. "शब्द गेला चुलीत, आवाज ऐका की माणसाचा! केव्हाची लघवी धरून बसलेत ते, आणि तुम्ही तारे काय दाखवताय, मासे काय दाखवताय!"

दार लागलं. बाहेर धाकट्याला आधी हसू फुटलं. थोरलीने त्याला चिमटा काढला आणि मग तीही भिंतीला टेकून हसायला लागली, डोळे पुसत पुसत. बाईही हसल्या.

आत भांडं वाजलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. नवी चादर झटकली गेली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून थोरलीने दाराला कान लावला.

"बोरिआलिस," बाबा म्हणाले. इतक्या हळू, इतक्या लाडात, की हा आवाज मुलांनी जन्मात ऐकला नव्हता.

"इश्श," आई म्हणाली. "पोरं दाराशीच आहेत."